वाणिज्याच्या वाटा



बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या घराच्या ओटीवर एक ठराविक जोडी येऊं लागते. पुढें वडील, हातांत प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेली गुणपत्रिका. मागें मुलगा किंवा मुलगी, नजर जमिनीकडे. बसल्याबरोबर वडील विचारतात, "सर, ह्याला सी. ए. ला घालायचं म्हणतोय, जमेल का?" मी मुलाला विचारतों, "तुला काय वाटतं रे?" मुलगा वडिलांकडे पाहतो आणि वडील म्हणतात, "त्याला काय कळतंय!" तीस वर्षांहून अधिक काळ मीं वाणिज्य हा विषय शिकविला. एवढ्या अवधींत हा संवाद किती वेळां ऐकला याचा जमाखर्च मीं ठेविलेला नाहीं. पण त्या मुलाला काय कळतें हें शांतपणें ऐकून घेणारें घर मला क्वचितच भेटलें, एवढें मात्र सांगतां येईल.

याच महिन्यांत कराड तालुक्यांतील एका विद्यार्थ्याचें मला पत्र आलें. सी. ए. च्या इंटरमीजिएट परीक्षेंत तो दोनदां अनुत्तीर्ण झाला आहे. शिकवणीच्या फीसाठीं वडिलांनीं गुंठाभर जागा विकली, आणि आतां घरीं तोंड दाखविण्याची लाज वाटते असें तो लिहितो. त्याच्या पत्राचें उत्तर मी शेवटीं देणार आहें. तोंवर जें सांगतों तें त्यानें ऐकावें अशी माझी इच्छा आहे, कारण त्यांतला बराचसा भाग त्याला दोन वर्षांपूर्वींच कोणीतरी सांगावयास पाहिजे होता.

वाणिज्य शाखा म्हणजे शास्त्र शाखेला गुण अपुरे पडलेल्यांची धर्मशाळा, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. तो कोठून आला हें मला आजवर समजलेलें नाहीं. मुंबईचें सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें. १९१८ सालीं मुंबई सरकारनें हिशेबतपासनिसांसाठीं पदविका सुरू केली. आणि १९४९ सालच्या कायद्यानें चार्टर्ड अकाउंटंट लोकांची अखिल भारतीय संस्था अस्तित्वांत आली. म्हणजे या देशांत या विद्येला शंभर वर्षांहून अधिक काळ रीतसर प्रतिष्ठा आहे. आणि कॉलेजें निघण्यापूर्वींही कीर्द-खतावणी होतीच.

माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेंत एका अडत्याकडे दिवाणजी होते. रोजकीर्द लिहून झाली कीं ते ती खतावणींत उतरवीत, आणि महिनाअखेर तेरीज मांडीत. तेरीज जुळली नाहीं कीं आमच्या घरीं जेवण लांबे. एकदां दोन रुपयांच्या फरकासाठीं ते रात्रीं अकरापर्यंत पेढीवर बसून राहिले. मी लहान होतों. दोन रुपये आपल्या खिशांतले घालून मोकळें कां होत नाहीं, असें मीं विचारलें. आप्पा म्हणाले, "अरे, दिसताहेत दोन, पण एका बाजूला दोनशें चुकले असतील आणि दुसऱ्या बाजूला एकशें अठ्ठ्याण्णव." पुढें कॉलेजांत परस्परांना झांकणाऱ्या चुका हें प्रकरण मीं शिकविलें, तेव्हां आप्पांच्या त्या वाक्यापलीकडे मला फारसें कांहीं सांगावें लागलें नाहीं.

वाणिज्याची आवड आहे कीं नाहीं हें ओळखावयाचें असेल तर मी मुलांना हीच खूण सांगतों. ताळेबंद जुळला नाहीं तर तुम्हांला झोंप लागते काय? उत्तर मागच्या पानावर पाहून मोकळे होतां, कीं फरक शोधीत बसतां? ज्याला फरक सतावतो त्यानें हिशेबाच्या धंद्यांत जावें. ज्याला तो सतावत नाहीं तो वाणिज्यांत नालायक ठरतो असें मुळींच नव्हे. त्याच्यासाठीं विक्री, विमा, कायदा, दुकान, बँक अशा कितीतरी जागा आहेत. त्यानें हिशेबतपासनीस मात्र होऊं नये; तो स्वतःही दुःखी होईल आणि ज्यांचे हिशेब तपासील त्यांनाही करील.

आतां माझ्या एका चुकीची गोष्ट सांगतों. २००८ सालीं अकरावीला प्रवेश घेणारा एक मुलगा माझ्याकडे आला. आपल्या मंडळाच्या अभ्यासक्रमांत पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन हे विषय बहुधा सर्वच घेतात. खरी निवड येते ती 'गणित व संख्याशास्त्र' आणि 'चिटणिसाची कार्यपद्धती' यांमध्यें. मुलाचें गणित बरें होतें, पण धास्ती होती. मीं म्हटलें, "चिटणिसाची कार्यपद्धती घे, पाठांतरावर गुण मिळतात, टक्केवारी वाढेल." टक्केवारी वाढली. मुलगा पेढे घेऊन आला. पुढें बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षीं त्याला विमागणित या विद्येचा शोध लागला. माणसाचें आयुर्मान, अपघाताची शक्यता, त्यावरून विम्याचा हप्ता किती ठेवावा याचें शास्त्र; आणि त्या शास्त्रानें तो अक्षरशः झपाटला. परंतु संभाव्यता आणि कलनशास्त्र यांच्याशिवाय त्या परीक्षांचें पहिलें दारही उघडत नाहीं. बारावीचें गणित त्यानें विसाव्या वर्षीं एकट्यानें शिकावयास घेतलें, वर्षभर झगडला, आणि सोडून दिलें. आज तो एका विमा कंपनींत दाव्यांच्या विभागांत आहे. नोकरी चांगली आहे. मागें एका लग्नांत भेटला तेव्हां सहज म्हणाला, "सर, गणित ठेवलं असतं तर?" त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला अधिक लागलें.

तेव्हांपासून माझा सल्ला पालटला आहे. गणित झेपत असेल तर दोन टक्के कमी मिळाले तरी चालतील, तें सोडूं नका. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र-विशेष पदवीसाठीं प्रवेश परीक्षेंत गणित हा विषय द्यावाच लागतो. इंदूरच्या आय. आय. एम. नें २०११ सालीं बारावीनंतरचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या प्रवेश परीक्षेचा मोठा भाग गणिताचा असतो. संख्याशास्त्र, संगणक यांच्या कित्येक पदव्यांना गणिताची अट आहे. आणि ज्या सी. ए. साठीं म्हणून गणित सोडलें जातें, त्याच्या फौंडेशन परीक्षेंतच चारपैकीं एक प्रश्नपत्रिका व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांची आहे! पुढच्या दारानें घालविलेला पाहुणा मागच्या दारानें असा परत येतो. ज्या मुलाला गणिताचें नांव काढतांच घाम फुटतो त्याच्यावर मात्र बळजबरी नको. त्याची धास्ती कुठून आली हें पाहावें. पुष्कळदां ती गणिताची नसून सातवीतल्या एखाद्या मास्तरांची असते.

आतां सी. ए. कडे वळूं, कारण ओटीवर येणाऱ्या दहांपैकीं सात जणांच्या ओठांवर तीच दोन अक्षरें असतात.

२०२३ सालीं या अभ्यासक्रमाची नवी योजना अमलांत आली. बारावीनंतर फौंडेशन, मग इंटरमीजिएट, मग दोन वर्षांची उमेदवारी, आणि शेवटीं फायनल असा क्रम आहे. पूर्वीं उमेदवारी तीन वर्षांची होती. पदवीधरांना ठराविक गुण असतील तर फौंडेशन न देतां एकदम इंटरमीजिएटला बसतां येतें. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के लागतात. सर्व परीक्षा पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाल्या तर ४२ महिन्यांत हें पार पडतें. हा आकडा शिकवणीवर्गांच्या फलकांवर तुम्हीं पाहिला असेल. तो खरा आहे. फक्त त्यांतील 'तर' हें अक्षर फलकावर फार बारीक असतें.

उत्तीर्ण होण्याचा नियमही नीट समजून घ्यावा. प्रत्येक प्रश्नपत्रिकेंत निदान ४० टक्के आणि एकंदरींत ५० टक्के गुण हवेत. म्हणजे सर्व विषयांत चाळीस-चाळीस मिळविणारा नापासच होतो. आणि चार विषयांत सत्तर मिळवून पांचव्यांत अडतीस मिळविणाराही नापासच. शाळेंत एका विषयाच्या जोरावर दुसरा ओढून नेण्याची ज्यांना संवय झाली आहे, त्यांचा येथें घात होतो. हुशार मुलगा कसा काय नापास झाला, असें घरचीं माणसें विचारतात, त्याचें उत्तर बहुधा या नियमांतच असतें.

पूर्वीं परीक्षा वर्षांतून दोनदां होत. फौंडेशन आणि इंटरमीजिएट २०२४ पासून, व फायनल २०२५ पासून, वर्षांतून तीनदां होऊं लागल्या. ही सोय मोठी आहे, परंतु तिच्यांत एक सांपळाही आहे. नापास झालेल्या मुलाला पुढची परीक्षा चारच महिन्यांवर दिसते. थांबून विचार करावयास त्याला सवडच मिळत नाहीं; "आणखी एकदां" म्हणत म्हणत वर्षें निघून जातात. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ फायनलला अकरा वेळां बसले. या काळांत त्यांनीं नोकरी धरली नाहीं, कारण अभ्यास बुडेल. लग्न केलें नाहीं, कारण आधीं निकाल लागूं दे. चौतिसाव्या वर्षीं ते एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यांत रुजू झाले आणि तेथें त्यांनीं उत्तम काम केलें. तीच नोकरी त्यांना चोविसाव्या वर्षीं मिळाली असती. त्यांच्या चिकाटीची लोक स्तुति करतात; मला ती ऐकवत नाहीं. त्यांच्या आई वारल्या तेव्हांही घरांतलें कॅलेंडर परीक्षेच्या तारखेपाशींच दुमडलेलें होतें.

म्हणून मी पालकांना एक गोष्ट करावयास सांगतों. पहिला अर्ज भरण्यापूर्वीं, घरांत कोणी रागावलेलें नसतांना, खेपा किती आणि पैसे किती याची मर्यादा कागदावर लिहून ठेवा. इंटरमीजिएटला तीन, फायनलला चार, जी ठरेल ती. मर्यादा संपली तर दुसरी वाट, आणि त्याबद्दल घरांत कोणी कोणास बोल लावावयाचा नाहीं, हेंही त्याच कागदावर लिहा. शिवाय बी. कॉम. ची पदवी सोबत चालूं ठेवा. "दोन दरडींवर पाय नको" असें म्हणून ती सोडावयास लावणारे सल्लागार भेटतात. त्यांना विचारावें कीं पहिली दरड ढांसळली तर मुलानें कोठें उभें राहावें?

उमेदवारीसंबंधीं दोन शब्द. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कार्यालयांत जागा मिळाली तरच मुलाचें सोनें झालें असें वाटतें. तेथें एखादें काम फार खोल शिकावयास मिळतें, यांत संशय नाहीं. पण तालुक्याच्या गांवच्या लहान कार्यालयांत मुलगा सकाळीं पतसंस्थेचा हिशेब तपासतो, दुपारीं कापडदुकानाचें जी. एस. टी. विवरण भरतो, आणि संध्याकाळीं बँकेला द्यावयाचें मालसांठ्याचें पत्रक तयार करतो. धंदा समग्र कसा चालतो हें त्याला तेथें दिसतें. पुढें स्वतःचें कार्यालय थाटावयाचें असेल त्याला मी हीच दुसरी शाळा सुचवितों.

सी. ए. च्या छायेंत झांकून गेलेल्या कांहीं वाटा आहेत. परिव्यय लेखापाल, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट, यांची संस्था १९४४ सालची. तिला १९५९ सालीं कायद्याचें अधिष्ठान मिळालें. हें काम काय असतें तें आमच्या भागांतल्या मुलांना मी साखर कारखान्यावरून समजावून देतों. ऊंस एकच, त्यांतून साखर निघते, मळी निघते, बगॅस निघतो. मळीची दारू-इथेनॉल होतें, बगॅसवर वीज होते. मग उसाच्या बिलांतला किती भाग साखरेच्या माथीं मारावा आणि किती विजेच्या? हा वांटा चुकला तर फायद्याचा विभाग तोट्याचा दिसतो, आणि संचालक मंडळ नेमका तोच बंद करतें. ज्या मुलाला असल्या प्रश्नांत रस वाटतो त्यानें ही वाट अवश्य पाहावी. कारखानदारीच्या प्रदेशांत राहून शेंकडों मुलें तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत, याचें मला नवल वाटतें.

कंपनी सेक्रेटरीची संस्था १९८० सालच्या कायद्यानें उभी आहे. भरणा झालेलें भांडवल दहा कोटि रुपये वा अधिक असलेल्या कंपनीला पूर्ण वेळ सेक्रेटरी ठेवणें बंधनकारक असल्यामुळें या पदाला कायद्याचाच आधार आहे. ज्याला कायद्याची भाषा वाचावयास आवडते, सभेचें इतिवृत्त नेमकें लिहितां येतें, अशा विद्यार्थ्याला हा धंदा शोभतो. आणि यांतून अथवा बी. कॉम. नंतर तीन वर्षांच्या एल्एल्. बी. कडे वळणाराही पुष्कळ लांब जातो. कर-कायदा आणि हिशेब दोन्ही समजणारा वकील जिल्ह्याच्या ठिकाणीं आजही दुर्मिळ आहे.

एक वाट तर खास आपल्या महाराष्ट्राची. सहकार खात्यातर्फे जी. डी. सी. अँड ए. ही पदविका परीक्षा घेतली जाते. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालीं पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, शहरांतल्या गृहनिर्माण संस्था, या सर्वांचे हिशेब दरवर्षीं तपासले जावे लागतात. आणि रीतसर अनुभव व नोंदणी झाल्यावर हा पदविकाधारक लेखापरीक्षकांच्या नामिकेंत येऊं शकतो. या परीक्षेला चकाकी नाहीं; कोणी तिचे फलक लावीत नाहीं. पण आपल्या गांवांत राहून, आईवडिलांना सांभाळून, मानानें पोट भरतां येईल असें हें काम आहे. माझे दोन विद्यार्थी तें करतात. गांवच्या पतसंस्थेच्या हिशेबांत काय दडविलें आहे हें सर्वांत आधीं त्यांनाच कळतें, म्हणून त्यांना शत्रूही भरपूर आहेत!

बँकांच्या परीक्षांविषयीं विस्तार करीत नाहीं. त्यांचे वर्ग गल्लोगल्लीं आहेत. एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं त्यांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळें वाणिज्याच्या मुलाला तेथें वेगळें झुकतें माप मिळत नाहीं, आणि वयाची मर्यादा असल्यानें "सी. ए. झालें नाहीं तर बँक आहेच" हा हिशेब तिशीच्या सुमारास चुकतो.

पदवीच्या नांवांचा घोळ सध्यां फार वाढला आहे. साधी बी. कॉम., अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स, बी. एम. एस., बी. बी. ए. अशी यादी पाहून पालक गांगरतात. २०२४ पासून महाराष्ट्रांत बी. बी. ए., बी. एम. एस. यांसाठीं सामाईक प्रवेश परीक्षा आली आहे. आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तिसऱ्या वर्षीं घ्यावी कीं चौथें वर्ष करून ऑनर्स घ्यावी, हाही प्रश्न उभा राहतो. माझें मत स्पष्ट आहे. नांवावर अधिक फी देऊं नका. त्या कॉलेजांत हिशेब कोण शिकवितो, ग्रंथालय संध्याकाळीं उघडें असतें काय, मागच्या वर्षाचीं मुलें आज कोठें आहेत, एवढें त्याच कॉलेजच्या फाटकाशीं चहा पीत उभ्या असलेल्या मुलांना विचारा. माहितीपुस्तकापेक्षां तीं खरें बोलतात. ज्यांना कमावून शिकावयाचें आहे त्यांच्यासाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तेथील पदवीची कोणीं लाज बाळगूं नये.

यंत्रें आलीं, आतां हिशेबनीस कशाला, असा प्रश्न हल्लीं मुलें विचारतात. भीति अगदींच खोटी नाहीं. आप्पा दिवसभर जें करीत तें आज टॅलींत तासाभरांत होतें, आणि पुढें तेवढेंही हातानें करावें लागणार नाहीं. नुसत्या नोंदी करण्यावर ज्याची भाकरी अवलंबून आहे त्यानें सावध व्हावें हें बरें. परंतु जी. एस. टी. चें उदाहरण घ्या. १ जुलै २०१७ ला हा कर आला. व्यापाऱ्याच्या खरेदीच्या नोंदी आणि पोर्टलावर दिसणारी विक्रेत्यांचीं बिलें यांचा मेळ घालण्याचें काम यंत्र क्षणांत करतें. मेळ कोठें बसत नाहीं हेंही तें दाखवितें. पण विक्रेत्यानें बिल दडविलें, कीं महिना चुकविला, कीं मालच आला नाहीं, हें फोन करून, गोदामांत जाऊन, माणसाचा चेहरा पाहून ठरवावें लागतें. दोन रुपयांसाठीं रात्रीं अकरापर्यंत बसणाऱ्या माणसाचा स्वभाव अजून यंत्रांत उतरलेला मला दिसला नाहीं.

मुलींच्या आईबापांना एक विनंति आहे. "मुलगी आहे, बी. कॉम. बस झालं" हें वाक्य माझ्या ओटीवर अजून ऐकूं येतें. मद्रासच्या आर. शिवभोगम यांनीं १९३३ सालीं हिशेबतपासनिसाची पदविका मिळविली, तेव्हां त्यांच्या आधीं या देशांत कोणी स्त्री त्या वाटेनें गेलेली नव्हती. त्या गोष्टीला नव्वद वर्षें होऊन गेलीं.

आणि दुकानदारांच्या मुलांनाही सांगावेंसें वाटतें. वडिलांच्या गल्ल्यावर बसणें म्हणजे शिक्षण फुकट गेलें, असें मानूं नका. किराणा दुकानांत उधारी किती दिवसांनीं वसूल होते आणि घाऊक व्यापाऱ्याचे पैसे किती दिवसांनीं द्यावे लागतात, या दोहोंमधील अंतर जो मुलगा वडिलांना कागदावर मांडून दाखवील, त्यानें आपल्या तीन वर्षांची फी पहिल्याच दिवाळींत वसूल केली असें समजावें.

आतां कराडच्या त्या पत्राचें उत्तर.

बाळ, तूं दोनदां नापास झालास, त्यांत कलंक नाहीं. त्या परीक्षेच्या प्रत्येक निकालांत उत्तीर्णांहून अनुत्तीर्णच अधिक असतात. तुझ्या दोन्ही गुणपत्रिका समोर ठेव. पहिल्या गटांत तुला एकदां ४७ टक्के आहेत, आणि एकही विषय चाळिसाखालीं नाहीं. म्हणजे हिशेब तुला येतो; एकंदर पन्नासाला थोडकें कमी पडतें. दुसऱ्या गटांत मात्र दोन विषय तिशींत अडकले आहेत. दोन्ही गट एकाच वेळीं देण्याचा हट्ट सोड. येत्या खेपेला पहिला गट एकटा दे. तुझी बी. कॉम. अर्धवट राहिली आहे, तिच्या तिसऱ्या वर्षाचा अर्ज याच महिन्यांत भर. दुसऱ्या गटाला आणखी दोन खेपा, त्याउपर नाहीं, असें आजच एका कागदावर लिही. दोन्ही गट पार पडल्याशिवाय उमेदवारी सुरू होत नाहीं. तोंवर सकाळचे चार तास गांवांतल्या एखाद्या कर-सल्लागाराकडे बसतां आलें तर बैस, पैसे मिळोत वा न मिळोत.

आणि जागा विकल्याचें ओझें तूं एकटा घेऊन फिरतो आहेस. तो कागद वडिलांपुढें ठेव आणि त्यांना त्यावर सही करावयास सांग. त्यांनीं नाहीं म्हटलें तर त्यांना माझ्या ओटीवर घेऊन ये. रविवारीं सकाळीं मी घरींच असतों.